यवतमाळकरांचा जलविहार

श्रावणांतील एखाद्या सकाळीं गांवांत बातमी पसरते कीं, निळोणा भरला. ती कोणी दवंडी पिटून सांगत नाहीं. दूधवाला सांगतो, भाजीवाली सांगते, शाळेंतून परतलेलीं मुलें सांगतात, आणि अलीकडे हातांतल्या मोबाईलवर तिचें चित्रहि येऊन पडतें. मग संध्याकाळपर्यंत कोणाचें चित्त कामांत राहत नाहीं. म्हाताऱ्या माणसांना स्कूटरवर मागें बसवून, मुलांना पुढें उभें करून, डब्यांत कांदाभजीं किंवा भाजलेलीं कणसें घेऊन यवतमाळचीं कुटुंबेंच्या कुटुंबें धरणाच्या वाटेला लागतात. तेथें पोंचल्यावर पाहावयाचें काय? एक बांध, त्याच्या अंगाला सांडवा, आणि सांडव्यावरून फेसाळत उतरणारें गढूळ पाणी. लोक तें पाहतात, पायांवर थोडें घेतात, डबा संपवितात आणि दिवेलागणीला परततात.

नागपुराहून आलेले आमचे एक स्नेही एकदां या यात्रेंत आमच्याबरोबर होते. अर्धा तास उभे राहिल्यावर त्यांनीं विचारलें, "एवढेंच पाहावयाचें होतें काय?" प्रश्नांत उपरोध नव्हता, त्यांना खरोखरच कोडें पडलें होतें. त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पुढें विचार करतां असें वाटूं लागलें कीं, या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं दोन्हीं गांवांच्या पाण्याचा इतिहासच थोडा चाळला पाहिजे. तोच येथें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

जलविहार हा शब्द आपणांकडे आला तो काव्यांतून आणि राजवाड्यांतून. त्याच्या उच्चाराबरोबर कमळांनीं भरलेलीं सरोवरें, संथ चालणाऱ्या नौका आणि कांठावरचे मंडप डोळ्यांपुढें उभे राहतात. पाणी मुबलक असावें आणि त्याची चिंता वाहणारीं माणसें दुसरीं कोणी असावींत, हें त्या सुखाचें न बोललेलें गृहीत आहे. आमच्या स्नेह्यांच्या नागपुरास हें सुख बऱ्याच अंशीं लाभलें. गोंड राजा बख्त बुलंद यानें १७०२ च्या सुमारास तें नगर वसविलें. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाच्या काळांतील जुम्मा तलाव पुढें शुक्रवारी तलाव झाला आणि आज त्याला गांधीसागर म्हणतात. भोसल्यांच्या अमदानींत तेलंगखेडीचें तळें व त्याच्या लगतची बाग तयार झाली. हेंच तळें हल्लीं फुटाळा या नांवानें ओळखलें जातें. पुढें इंग्रजी अमलांत, १८७० च्या सुमारास, शहराला पाणी पुरविण्यासाठीं अंबाझरीचा बांध वाढविण्यांत आला. तें पाणी अपुरें पडूं लागल्यावर १९१२ च्या सुमारास गोरेवाड्याचा तलाव बांधला गेला. रामटेकजवळील खिंडसीचा विस्तीर्ण तलावहि त्याच काळचा. तो शेतीसाठीं बांधलेला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. यांतील बहुतेक तलाव कोणत्या तरी गरजेपोटीं जन्मले. पण नागपुराची गरज वाढली, शहराचें पाणी कन्हानेवरून आणि नंतर पेंचवरून येऊं लागलें, आणि जुन्या तलावांच्या खांद्यावरचें ओझें उतरलें. ओझें उतरलेला तलाव विहाराला मोकळा झाला. अंबाझरीच्या कांठीं बाग फुलली, फुटाळ्याच्या कांठीं संध्याकाळीं तरुणांची दाटी होऊं लागली, खिंडसींत नौका चालूं लागल्या. थोडक्यांत सांगावयाचें तर, नागपूरकरांचा जलविहार हा सेवानिवृत्त पाण्याच्या कांठचा विहार आहे. त्यांत गैर कांहीं नाहीं. पण हें ध्यानांत घेतल्यावांचून त्यांचें सुख आणि आमचें सुख यांची तुलना करतां येत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांतील पाण्याला निवृत्ति अशी कधीं मिळालीच नाहीं. नकाशा उघडून पाहिला तर यवतमाळ जिल्हा पाण्यानें वेढलेला दिसतो. उत्तरेकडून व पूर्वेकडून सातपुड्यांत उगम पावलेली वर्धा, दक्षिणेकडून अजिंठ्याच्या डोंगरांतून निघालेली पैनगंगा. वणी तालुक्याच्या टोकाला दोघींची गांठ पडते आणि पुढें त्यांचें पाणी प्राणहितेच्या वाटेनें गोदावरीला मिळतें. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशांत बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी अशा नद्या आहेत. परंतु मोठ्या नद्या वाहतात त्या सीमेवरून, आणि यवतमाळ गांव बसलें आहे तें समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंचीच्या पठारावर. पाऊस येथें पडतो आणि उताराला लागून दुसरीकडे जातो. खालचा खडक काळा व कठीण. तो पाणी फारसें धरून ठेवीत नाहीं. म्हणून ज्या मुलुखांत पावसाळ्यांत ओढा ओलांडतां येत नाहीं, त्याच मुलुखांत वैशाखांत घागर भरण्यासाठीं झऱ्यापाशीं रांग लागते.

शिवाय हें कोणा मोठ्या राजाचें राजधानीचें ठिकाण नव्हे. अकबराच्या काळच्या आईन-इ-अकबरींत योत-लोहारा या नांवानें याचा उल्लेख परगण्याचें ठाणें म्हणून येतो. लोहारा अजूनहि शहराच्या शेजारीं आहे. १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांकडे आलें, १८६४ मध्यें हा वेगळा जिल्हा झाला. पुढें कित्येक वर्षें त्याला वणी जिल्हाच म्हणत. १९०५ मध्यें पुसद तालुका त्यांत आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हें नांव मिळालें. ठाणेदार, तहसीलदार, कापसाचे व्यापारी अशांच्या या गांवांत केवळ शोभेसाठीं तलाव कोण खोदणार? येथें पाणी अडविलें गेलें तें पिण्यासाठीं किंवा शेतासाठीं. आणि ज्या पाण्यावर आपला उन्हाळा अवलंबून आहे, त्याच्याकडे माणूस निव्वळ शोभा म्हणून पाहूंच शकत नाहीं.

मग आमच्या पूर्वजांना पाण्याच्या कांठचें सुख ठाऊक नव्हतें काय? होतें, पण तें यात्रेच्या रूपानें होतें. कळंबचें चिंतामणीचें देऊळ हें त्याचें उत्तम उदाहरण. यवतमाळहून नागपुराकडे जातांना चक्रावती नदीच्या कांठीं हें गांव लागतें. देऊळ जमिनीच्या पातळीखालीं आहे. पायऱ्या उतरून खालीं जावें लागतें आणि तेथें कुंड आहे. दर बारा वर्षांनीं या कुंडांतील पाणी चढतें आणि गणपतीच्या मूर्तीचे चरण स्पर्शून मग ओसरतें, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पाणी चढल्याची वार्ता लागतांच "गंगा आली" म्हणून आसपासचीं गांवें लोटतात. श्रद्धेची चिकित्सा करण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांला त्यांत दिसतें तें एवढेंच कीं, जमिनीखालचें पाणी किती वर आलें हें पाहावयास जाणें हाच येथें उत्सव झाला आहे. विहिरीच्या कांठावरून वांकून पाहणाऱ्या गृहिणीच्या मनांत जो प्रश्न असतो, तोच हजारों माणसें नारळ घेऊन देवापुढें विचारतात.

पैनगंगेच्या कांठींहि हाच प्रकार. महागांव तालुक्यांत पूस नदी जेथें पैनगंगेला मिळते त्या गांवाचें नांवच हिवरा संगम. आणखी खालीं, उमरखेड तालुका आणि नांदेडकडील किनवट तालुका यांच्या सीमेवर, सहस्रकुंडाचा धबधबा आहे. काळ्या खडकांच्या फटींतून अनेक धारांनीं कोसळणारी नदी पाहावयास दोन्हीं तीरांवर माणसें जमतात. एका कांठावर विदर्भ, दुसऱ्यावर मराठवाडा, आणि मधल्या गर्जनेंत कोणाचें बोलणें कोणास ऐकूं येत नाहीं. स्नान, देवदर्शन, झाडाखालीं सोडलेली शिदोरी आणि परततांना "यंदा नदीला पाणी बरें आहे" असा अभिप्राय, हा या सहलींचा जुना क्रम. शेवटचा अभिप्राय गाळून चालत नसे.

स्वातंत्र्यानंतर हा देखावा बदलला. पुसदजवळील गहुली गांवचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते. १९७२ चा भीषण दुष्काळ त्यांच्याच कारकीर्दींत पडला. पूस नदीवरील धरण १९७१ मध्यें पुरें झालें. पैनगंगेवर इसापूरचें विशाल धरण १९८२ च्या, दिग्रसजवळ अरुणावतीचें १९९४ च्या सुमारास उभें राहिलें. बाभूळगांवकडे बेंबळ्याचें धरण त्याहून अलीकडचें. वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ मध्यें मुख्यमंत्री झाले आणि त्यांनीं जलसंधारणाचें स्वतंत्र खातें काढलें. १० मे हा त्यांचा स्मृतिदिन राज्यांत जलसंधारण दिन म्हणून पाळण्यांत येतो. पाणी अडविण्याचा ध्यास ज्या घराण्यानें राज्यास लावला तें घराणें या कोरड्या जिल्ह्यांतलें असावें, हा योगायोग आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

या धरणांनीं आम्हांस प्रथमच क्षितिजापर्यंत पसरलेलें पाणी दाखविलें. ज्या पिढीनें पाण्याचा मोठ्यांत मोठा साठा म्हणजे गांवतळें एवढेंच पाहिलें होतें, तिला पुसदच्या डोंगरांत अडलेलें तें निळें पाणी नवलाचें वाटलें असल्यास आश्चर्य नाहीं. हिवाळ्यांत दूरदेशचे पक्षी उतरूं लागले, भोई व ढीवर यांचीं जाळीं पडूं लागलीं, शाळांच्या सहली येऊं लागल्या. पण या पाण्याखालीं गेलेलीं शेतें आणि घरें कोणाचीं तरी होतीं, हेंहि सहलीच्या दिवशीं विसरतां कामा नये. धरणाच्या कांठीं उभा असलेला एखादा वृद्ध पाण्याच्या मध्यभागीं बोट दाखवून "तिकडे आमचा मळा होता" असें सांगतो, तेव्हां त्याच्या जवळ बसून डबा उघडणें जड जातें. शिवाय इसापूरच्या कालव्यांचें पाणी मुख्यतः नांदेड व हिंगोलीकडच्या शेतांना जातें. आमच्या वांट्यास उमरखेडकडील भाग आला. सहस्रकुंडहि आतां केवळ पावसाच्या हातीं राहिलेलें नाहीं. वर इसापूरचे दरवाजे उघडले कीं धबधबा गर्जतो, मिटले कीं खडक उघडे पडतात. पूर्वीं आभाळाकडे पाहून निघणारा यात्रेकरू आतां धरणाच्या विसर्गाची बातमी वाचून निघतो.

आमच्या या रीतीचें आणखी एक उदाहरण वनांत सांपडतें. पांढरकवड्याजवळील टिपेश्वरचें अभयारण्य सुमारें १४८ चौरस किलोमीटरांचें; आज तें वाघांसाठीं दूरवर प्रसिद्ध झालें आहे. राज्यांतील इतर वनांप्रमाणें येथेंहि बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं हौशी माणसें पाणवठ्याजवळील मचाणावर बसतात. चांदणें लख्ख असतें, इतरत्र पाणी आटलेलें असतें, आणि म्हणून तहानलेला प्रत्येक प्राणी त्या एका डबक्याशीं येतो. बसणारा त्याची नोंद करतो. आज या कार्यक्रमाला निसर्गानुभव म्हणतात. पण त्याचें मूळ वन्य प्राण्यांच्या मोजणींत आहे. म्हणजे येथेंहि विहार आणि हिशेब एकाच मचाणावर बसलेले आहेत.

हा हिशेब चुकला म्हणजे काय होतें, तें २०१८ च्या उन्हाळ्यानें आम्हांस दाखविलें. आदल्या पावसाळ्यांत पाऊस फार कमी झाला होता. शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्हीं जलाशय आटत गेले. ज्या ठिकाणाच्या नांवांतच डोह आहे तेथें तळाची माती दिसूं लागली. नळाला कित्येक दिवसांनीं एकदां पाणी येई. रात्रीं-अपरात्रीं टँकरचा आवाज झाला कीं गल्लीच्या गल्ली भांडीं घेऊन धांवे. शेजाऱ्याशेजाऱ्यांत एका हंड्यावरून बोलाचाली झाल्या. ज्या वऱ्हाडांत दारीं आलेल्यास आधीं तांब्याभर पाणी पुढें करावयाचें, त्या वऱ्हाडांत यजमान पाहुण्याच्या पेल्याकडे पाहूं लागला. आमच्या घरचीच गोष्ट सांगावयाची तर, त्या वर्षीं आम्हीं आमच्या मुलीला उन्हाळ्यांत माहेरीं येऊं नको असें कळविलें. ती समजूतदार आहे. तिनें कारण विचारलें नाहीं. पण मुलीला माहेरीं येऊं नको असें सांगणें म्हणजे काय, हें मराठी वाचकांस निराळें सांगावयास नको.

त्या दिवसांत एका संध्याकाळीं आम्ही निळोण्यावर गेलों. तेथें आणखीहि माणसें आलेलीं होतीं, हें पाहून आम्हांस आश्चर्य वाटलें. पाहण्यासारखें कांहींच नव्हतें. तळाच्या चिखलाला भेगा पडलेल्या, मधोमध थोडेंसें हिरवट पाणी, त्याच्या कडेला दोनचार बगळे. कोणी फारसें बोलत नव्हतें. एक बाई मुलाला दाखवीत होती कीं, "गेल्या साली पाणी येथपर्यंत होतें." त्या क्षणीं आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस सांपडलें. भरल्या सांडव्यावर येणारीं माणसें आणि कोरड्या तळाशीं येणारीं माणसें तींच होतीं. आजारी आप्ताला आणि बऱ्या झालेल्या आप्ताला आपण जसे दोन्हीं वेळां भेटावयास जातों, तसें हें जाणें आहे. आमचा जलविहार म्हणजे पाण्याच्या समाचारास जाणें.

असें असतां आमच्या रीतीचा गर्व वाहण्याचें कारण नाहीं. पाण्याची तूट आम्ही ओळखतों. त्याचें बळ ओळखावयास अजून शिकलों नाहीं. २२ जुलै २०२३ रोजीं जिल्ह्यांत असा पाऊस कोसळला कीं, महागांव तालुक्यांतील आनंदनगर तांड्यावरील माणसें पुरानें वेढलीं गेलीं आणि त्यांच्या सुटकेसाठीं वायुदलाचीं हेलिकॉप्टरें मागवावीं लागलीं. पुढें दोनच महिन्यांनीं, २३ सप्टेंबरच्या पहांटे, नागपुरांत अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदीच्या कांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें. ज्याला शहरानें शोभेचा तलाव मानलें होतें त्यानें आपण अजून पाणीच आहों हें एका रात्रींत सांगितलें. वर्धेच्या वरच्या अंगाला, अमरावती जिल्ह्यांतील झुंज येथें, १४ सप्टेंबर २०२१ रोजीं एका नावेंतील अकरा माणसें बुडालीं. आमच्याहि सांडव्यांवर आणि सहस्रकुंडाच्या शेवाळलेल्या खडकांवर, छायाचित्राच्या मोहानें, तरुण मुलें जेथें जाऊं नये तेथें जातात. त्यांना परत बोलावणारा एखादा म्हातारा सोबत नसेल तर त्या सहलीला विहार म्हणूं नये.

हल्लीं सर्वत्र जलाशयांच्या कांठीं नौका, बागा, उपाहारगृहें आणि रंगीत दिवे आणण्याचे बेत होतात. यवतमाळसहि बेंबळ्यावरून पाणी आणण्याची योजना हातीं घेण्यांत आली, आणि दूरचें पाणी घरांत खेळूं लागलें कीं निळोण्याच्याहि खांद्यावरचें ओझें हलकें होईल. तसें व्हावें, अशीच आमची इच्छा आहे. कोणाच्याहि मुलीस माहेरीं येऊं नको असें पुन्हां लिहावें लागूं नये. मुलांना नौकेंत बसण्याचा आनंद मिळाला तर त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु नागपूरच्या इतिहासावरून एक शिकण्यासारखें आहे. ज्या तलावाचें पाणी आपण पीत नाहीं त्याच्या पातळीची चौकशी करणें आपण सोडतों; मग त्यांत काय सोडलें जातें आणि त्याच्या वाटेंत काय बांधलें जातें, हेंहि पाहीनासे होतों. कांठ गजबजतो आणि तलाव एकटा पडतो.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. बागा करावयाच्या त्या कराव्या, पण पाण्याची पातळी दाखविणारी मोजपट्टी झाडांआड जाऊं देऊं नये. ती अशा ठिकाणीं असावी कीं, फिरावयास आलेल्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडावी. तिच्याशेजारीं २०१८ च्या उन्हाळ्यांत पाणी कोठें होतें याची खूण असावी, आणि २०२३ च्या पावसाळ्यांत कोठें होतें याचीहि. शाळेच्या सहलींत गुरुजींनीं मुलांकडून ते आंकडे वाचवून घ्यावे. इतिहासाचा तेवढा एक पाठ झाडाखालीं बसून डबा खातांखातां सहज होण्यासारखा आहे.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही पुन्हां सांडव्यावर उभे होतों. मुलगी माहेरीं आली होती व तिचीं मुलें बरोबर होतीं. एका वृद्ध बाईनें पदराखालून खण व नारळ काढून पाण्याची ओटी भरली, हळदकुंकू वाहिलें आणि नारळ वळणाआड जाईपर्यंत ती पाहत राहिली. मग आमच्या धाकट्या नातवाकडे वळून तिनें विचारलें, "केवढें पाणी आहे रे बाबा?" त्यानें दोन्हीं हात पसरून दाखविलें. बाईनें त्याच्या हातांमधील अंतर नीट निरखून पाहिलें, बोटांवर महिने मोजले, आणि म्हणाली, "मृगापर्यंत पुरेल."